आरसा पाहिलात का?

पुण्यात किंवा ठाण्यात पंधरा-वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस ब्रिटनमध्ये ड्रायव्हिंग टेस्टला नापास होतो, ही तिथल्या मराठी घरांत आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मंडळाच्या गणपतीला जमलेली माणसं असोत की मुलांना मराठी शाळेत सोडून बाहेर थांबलेले पालक, नव्याने आलेल्याला पहिला प्रश्न घरभाड्याचा आणि दुसरा हमखास लायसन्सचा. ‘दिलीस का टेस्ट?’ आणि लगेच पुढचा, ‘कितव्यांदा?’

भारतातलं लायसन्स ब्रिटनमध्ये राहायला गेल्यापासून १२ महिने चालतं. पुढे ते बदलून मिळत नाही. जपान, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, इतकंच काय, संयुक्त अरब अमिरातीचं लायसन्सही ब्रिटनमध्ये बदलून मिळतं. भारताचं मात्र नाही. वर्ष सरलं की कितीही मुरलेला चालक असो, त्याला पुन्हा कच्चं लायसन्स काढावं लागतं. गाडीला पुढेमागे लाल ‘एल’ची पाटी लागते. शेजारी किमान २१ वर्षांचा आणि निदान तीन वर्षं पक्कं लायसन्स असलेला माणूस बसवावा लागतो. घाटातून रात्री-अपरात्री गाडी काढलेल्या माणसाला ही पाटी जिव्हारी लागते.

खिशालाही चाट बसते. कच्च्या लायसन्सचे ३४ पौंड, लेखी परीक्षेचे २३, रस्त्यावरच्या परीक्षेचे ६२, आणि शिकवणाऱ्याचे तासाला ३५-४० पौंड. त्यात तारीख लवकर मिळत नाही. करोनानंतर साठलेली रांग अजून ओसरलेली नाही आणि अनेक केंद्रांवर पाच-सहा महिने थांबावं लागतं. संगणकाच्या साहाय्याने तारखा अडवून त्या दामदुपटीने विकणारे दलालही तिथे आहेत. म्हणजे यंत्रणा निर्दोष आहे, असं मुळीच नाही.

या सगळ्यामुळे ‘पैसे काढायला मुद्दाम नापास करतात’ हे वाक्य वारंवार कानावर येतं. राग समजण्यासारखा आहे, आरोप मात्र पटत नाही. तिथे ही परीक्षा देणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी माणसं उत्तीर्ण होतात आणि त्या नापासांत बहुसंख्य तिथेच जन्मलेली, वाढलेली तरुण मुलंमुली असतात. परीक्षा सगळ्यांनाच अवघड आहे. आपल्याला ती अवघड जाण्याचं कारण वेगळं आहे, एवढंच.

परीक्षा साधारण ४० मिनिटांची. आधी २० मीटरवरची नंबरप्लेट वाचून दाखवायची, मग परीक्षकाला शेजारी बसवून रोजच्या वाहत्या रस्त्यावर गाडी काढायची. त्यातला बराच वेळ नेव्हिगेटरच्या किंवा पाट्यांच्या आधारे आपणच वाट काढत जायचं. किरकोळ चुका १५ पर्यंत माफ असतात. गंभीर किंवा धोकादायक चूक एक जरी झाली तरी नापास. नापास होण्याच्या कारणांची यादी दरवर्षी निघते आणि तिच्या अग्रभागी वर्षानुवर्षं तीच दोन कारणं असतात: जंक्शनवर नीट न पाहणं, आणि आरसे न पाहता दिशा बदलणं. क्लच, गिअर, चढावर गाडी मागे जाणं ही आपल्याला भेडसावणारी कारणं त्यांच्या खूप मागे.

आपल्याकडच्या सरावलेल्या चालकाचं तिथे काय होतं? डावीकडच्या गल्लीत वळायचं आहे. रस्ता मोकळा दिसतो, गाडी दुसऱ्या गिअरवर येते, स्टिअरिंग अलगद फिरतं, गाडी सुरेख वळते. चालक मनात खूश. पण त्याने इंडिकेटर देण्याआधी मधला आरसा पाहिलेला नाही. डावा आरसा पाहिलेला नाही, आणि त्या बाजूने एखादा सायकलवाला येत असता तर तो चाकाखाली गेला असता. गल्लीच्या तोंडाशी एक बाई रस्ता ओलांडायला उभ्या होत्या, त्यांच्यासाठी तो थांबलेला नाही. जानेवारी २०२२मध्ये ब्रिटनचा हायवे कोड बदलला. गल्लीत वळणाऱ्या गाडीने रस्ता ओलांडणाऱ्यालाच नव्हे, ओलांडायच्या बेतात उभ्या असलेल्यालाही आधी जाऊ द्यावं, असं तो सांगतो. शेजारचा परीक्षक चकार शब्द काढत नाही. सगळं टिपून घेतो आणि शेवटी केंद्रावर परतल्यावर निकाल सांगतो. अपघात झाला नाही, कुणाला धक्का लागला नाही, मग नापास का, असं त्या चालकाला मनापासून वाटतं. आपल्याकडे गाडी नीट चालवण्याची कसोटी ‘काही झालं नाही ना’ हीच असते. तिथे ‘तुला दिसलं होतं का’ असं विचारतात.

हे सगळ्यात स्पष्ट होतं ते संगणकावर होणाऱ्या लेखी परीक्षेत. ५० प्रश्नांपैकी ४३ बरोबर यावे लागतात, तो भाग पाठांतराने जमतो. खरी मेख आहे धोका ओळखण्याच्या परीक्षेत, जी नोव्हेंबर २००२पासून सुरू झाली. पडद्यावर १४ चित्रफिती दाखवतात, चालकाच्या जागेवरून दिसणाऱ्या. समजा उपनगरातला रस्ता आहे, दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या. पुढे एक व्हॅन उभी, तिच्या पलीकडे पदपथावर दोन मुलं चेंडू खेळताहेत. चेंडू घरंगळू लागतो, एक मूल त्याच्याकडे वळतं. त्याच क्षणी माउस दाबला तर पाच गुण. मूल रस्त्यात उतरेपर्यंत थांबलात तर एखादा गुण, नाहीतर शून्य. उगाच सारखं बटण दाबत राहिलात तर त्या फितीचे सगळेच गुण जातात. ७५ पैकी ४४ मिळवावे लागतात. धोका समोर उभा ठाकल्यावर करकचून ब्रेक मारणं म्हणजे कौशल्य, असं आपण मानत आलो. या परीक्षेत त्याला एकही गुण नाही.

सवयी कुठे आड येतात, याची दोन उदाहरणं तिथले सगळेच सांगतात. समोरच्याने हेडलाइट मिचकावला की आपण थबकतो, कारण आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतोय, बाजूला हो’. ब्रिटनमध्ये रूढ अर्थ नेमका उलटा, ‘तुम्ही आधी जा’. हायवे कोडला हा अर्थही मान्य नाही. त्याच्या मते दिवा मिचकावायचा तो फक्त ‘मी इथे आहे’ हे कळवायला. दुसरं उदाहरण हॉर्नचं. उभ्या गाडीतून हॉर्न वाजवायचा नाही, वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात चालत्या गाडीतूनही नाही. हॉर्न काढून घेतला की चालकाला डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते. वळणावर, गल्लीच्या तोंडाशी, दुसऱ्याला मागे टाकताना आपण हॉर्न देतो तेव्हा पाहण्याची आपली जबाबदारी समोरच्याच्या कानांवर ढकललेली असते. मला वाटतं, आपल्या रस्त्यांवरच्या दुखण्याचं मूळ इथे आहे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे गेलेल्या आणि तिथेच पहिल्यांदा स्टिअरिंग हाती धरलेल्या बायकांचा अनुभव म्हणूनच ऐकण्यासारखा असतो. मोडायची अशी जुनी सवयच नसल्याने त्या आरसा, इंडिकेटर, वळण हा क्रम पहिल्या तासापासून अंगी बाणवतात. घरात नवरा नापास आणि बायको पास, असे प्रसंग घडतात. लंडनबाहेरच्या गावांत बस तासातून एक. तिथे मुलांची शाळा, दवाखाना, स्वतःची नोकरी सगळं या एका कार्डावर अवलंबून असतं. परीक्षेविषयी त्यांच्या तोंडून तक्रार कमी ऐकू येते, ती खर्चाची असते.

देशोदेशी तऱ्हा वेगळी. जर्मनीत आपलं लायसन्स सहाच महिने चालतं, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. लेखी इंग्रजीतून देता येते, रस्त्यावरची मात्र जर्मनमधूनच. पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम तिथे भल्याभल्यांची दांडी उडवतो. जर्मन मुलांना तर प्रथमोपचाराचा वर्ग, महामार्गावरचे आणि रात्रीचे सक्तीचे तास पुरे केल्याशिवाय परीक्षेला बसताच येत नाही. दुबईत भारतीय लायसन्स बदलून मिळत नाही आणि तिथल्या परीक्षेच्या फेऱ्यांची कहाणी आखाती मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. अमेरिकेत चारही बाजूंना ‘स्टॉप’च्या पाट्या असलेला चौक असतो. तिथे रस्ता रिकामा असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. नुसता वेग कमी करून पुढे सरकलात तर परीक्षा बुडाली.

ब्रिटन पहिल्यापासून असं शिस्तीचं होतं, असं मानू नये. १९३४ साली तिथे पंचवीस लाखांच्या आत वाहनं होती आणि त्या एका वर्षात रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. परीक्षा नावाची गोष्टच नव्हती. पैसे भरा, लायसन्स घ्या. लेस्ली होर-बेलिशा हे तेव्हाचे वाहतूकमंत्री. त्यांच्या काळात, १ जून १९३५पासून परीक्षा सक्तीची झाली. सुरुवातीला केंद्रं नव्हती, परीक्षक उमेदवाराला रेल्वे स्टेशनबाहेर किंवा बागेच्या दाराशी भेटत. रस्ता ओलांडण्याच्या जागी काळ्या-पांढऱ्या खांबांवर नारिंगी गोळे दिसतात, त्यांना आजही बेलिशांचंच नाव आहे. पुढे १९५१मध्ये झेब्रा क्रॉसिंग आलं. पहिलं उमटलं ते स्लाव गावात, जिथे आज भारतीयांची मोठी वस्ती आहे.

परीक्षेने एकटीने मृत्यू रोखले नाहीत, हेही तितकंच खरं. १९६६ साली, परीक्षा असूनही, ७,९८५ बळी गेले. १९६७मध्ये दारू पिऊन चालवणाऱ्यांची श्वासचाचणी सुरू झाली, १९८३मध्ये पुढच्या सीटचा पट्टा सक्तीचा झाला, गाड्या आणि रस्ते सुधारले, नव्या चालकाला पहिल्या दोन वर्षांत सहा दंडगुण झाले की लायसन्स रद्द होऊ लागलं. लोकांनी हे सगळं हसतमुखाने स्वीकारलं असंही नाही. सप्टेंबर २०२३मध्ये वेल्सने वस्तीतली वेगमर्यादा ताशी ३० मैलांवरून २० वर आणली, तेव्हा विरोधाच्या अर्जावर साडेचार लाखांहून अधिक सह्या झाल्या. तरीही एकेक पाऊल पडत गेलं, आणि २०२२ साली ग्रेट ब्रिटनमध्ये रस्त्यांवरचे मृत्यू १,७११ होते. त्याच वर्षी एकट्या महाराष्ट्रात १५,२२४. आपली लोकसंख्या त्यांच्या दुप्पट, मृत्यू जवळजवळ नऊपट. देशभरचा त्या वर्षीचा आकडा १,६८,४९१, त्यात ३२ हजारांहून अधिक पायी चालणारे.

‘तिकडचं तिकडे, आपले रस्ते वेगळे’ असं म्हणून हा विषय आपण मिटवतो. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ उघडून पाहा. त्यातल्या १५व्या नियमात पक्क्या लायसन्ससाठी उमेदवाराने काय काय करून दाखवावं, याची लांबलचक यादी आहे. इशारा देण्याआधी, दिशा बदलण्याआधी आरसा पाहणं त्यात आहे. पादचाऱ्यांच्या क्रॉसिंगवर नीट वागणं आहे. पायी चालणारे, सायकलवाले आणि इतर चालक पुढे काय करतील याचा अंदाज घेता येणं, हेही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे लंडनमध्ये जे तपासलं जातं, ते तपासण्याचं आपल्या कायद्याने तीसहून अधिक वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं आहे. प्रत्यक्षात परीक्षा होते ती बहुतेक ठिकाणी बंद आवारात. आठ काढा, चढावर थांबवा, मागे घ्या, आणि काही मिनिटांत पुढचा उमेदवार. रिकाम्या मैदानात अंदाज घ्यायचा तो कुणाचा? तिथे पादचारी नाही, सायकल नाही, उलट्या बाजूने येणारी दुचाकी नाही.

आठ काढणं निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. गाडीवर ताबा हवाच. पण रस्त्यावरची परीक्षा उद्यापासून प्रत्येक आरटीओत घेणं अवघड आहे, हे मान्य केलं तरी धोका ओळखण्याच्या चित्रफिती परवाच सुरू करता येतील. कच्च्या लायसन्सची परीक्षा संगणकावर होतेच. तिथे खुणांच्या प्रश्नांबरोबर आपल्या रस्त्यांवरच्या दहा फिती दाखवा: थांब्यावरच्या एसटीच्या पुढून रस्त्यात येणारी शाळेची मुलं, उसाची दिवे नसलेली ट्रॉली, दुभाजकातल्या फटीतून घुसणारी मोटारसायकल, उभ्या टेम्पोचा उघडणारा दरवाजा. परिवहन खात्याने हे मनावर घ्यावं, आणि ही परीक्षा घरी बसून नव्हे, केंद्रावर घ्यावी.

सरकारची वाट न पाहता करण्यासारखंही काही आहे. ब्रिटनमधले शिक्षक विद्यार्थ्याला गाडी चालवताना दिसेल ते मोठ्याने बोलायला लावतात. ‘डावीकडे शाळा, वेग कमी करतो. मागे दुचाकी. पुढची रिक्षा वळणार असं दिसतंय.’ पोलीस चालकांच्या प्रशिक्षणातही ही रीत आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. परदेशात हे शिकून आलेल्यांना विनंती, दिवाळीत किंवा मे महिन्यात घरी याल आणि तुमचं इथलं लायसन्स अजून चालू असेल, तेव्हा कच्चं लायसन्स काढलेल्या भाच्याला, पुतणीला सोबत घ्या. मैदानात नको, खऱ्या रस्त्यावर, सकाळी गर्दी कमी असताना. तुम्ही शेजारी बसा, हात हँडब्रेकजवळ ठेवा आणि तासभर त्यांना दिसेल ते बोलत गाडी चालवायला लावा.