उत्तर बुनियादी शिक्षण

उत्तर बुनियादी शिक्षण : मूलोद्योग (बुनियादी) शिक्षणाचा सात वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांसाठी आखलेला पुढील टप्पा. एखादा उत्पादक उद्योग केंद्रस्थानी ठेवून त्याच्या अनुषंगाने अनेक विषयांचे ज्ञान मिळविणे, हे त्याचे मुख्य सूत्र होय. या शिक्षणाचा विकास प्रामुख्याने वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे झाला.

वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तीत नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने ७ ते १४ वयोगटासाठी अभ्यासक्रम सुचविला व साडेपाच तासांच्या दैनिक वेळापत्रकात ३ तास २० मिनिटे मूलोद्योगास दिली. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थानी तालीमी संघाचे कार्य ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी यांनी सेवाग्रामहून चालविले. जानेवारी १९४५ मधील सेवाग्राम परिषदेनंतर नई तालीमचे क्षेत्र आजीवन शिक्षणापर्यंत विस्तारले आणि पूर्व बुनियादी, बुनियादी, उत्तर बुनियादी व प्रौढशिक्षण असे टप्पे ठरले. विद्यापीठीय पातळीस ‘उत्तम बुनियादी’ ही संज्ञा रूढ झाली.

अध्यापनाचा आधार समवाय पद्धती हा होय. उद्योग, निसर्ग आणि समाज ही समवायाची तीन केंद्रे. उदा., गोपालन निवडणाऱ्या विद्यार्थ्यास वर्धा परिसरातील गवळाऊ जातीच्या गाईंचा अभ्यास करताना चाऱ्यासाठी वनस्पतिशास्त्र व मृदाशास्त्र, रोगांसाठी जीवशास्त्र, दुधाच्या हिशेबासाठी गणित आणि विक्रीसाठी अर्थशास्त्र व सहकार यांकडे वळावे लागते. विषय येथे पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने येत नाहीत. कामातून उद्‌भवणाऱ्या प्रश्नांच्या क्रमाने येतात. त्यामुळे निवडलेल्या उद्योगानुसार अभ्यासाचे स्वरूपही बदलते.

राधाकृष्णन् आयोगाने (१९४८–४९) ग्रामीण विद्यापीठांची शिफारस करताना या विचाराची दखल घेतली. श्रम व अध्ययन यांची सांगड घालणाऱ्या अमेरिकेतील अँटिऑक महाविद्यालयाचे माजी अध्यक्ष आर्थर मॉर्गन हे आयोगाचे सदस्य होते. पुढे १९५६ मध्ये केंद्र शासनाच्या योजनेनुसार ग्रामीण उच्च शिक्षणसंस्था सुरू झाल्या. विदर्भातील अमरावती येथील संस्था त्यांपैकी एक होय.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. अनेक विषयांत गती असलेला शिक्षक दुर्मिळ असतो. समवाय ओढूनताणून साधल्यास ज्ञान तुटक राहते. उत्पादनावर अतिरिक्त भर दिल्यास विद्यार्थी केवळ कामगार ठरतो. याहून मोठी अडचण मान्यतेची होती. नोकरी व उच्च शिक्षण यांची दारे प्रचलित परीक्षांनीच उघडत असल्याने पालकांचा ओढा रूढ शाळांकडे राहिला. १९५९ मध्ये तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. सेवाग्राम येथे २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ या नावाने नई तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली.

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने (२०२०) बहुविद्याशाखीय अभ्यासक्रम व विषयनिवडीचे स्वातंत्र्य पुरस्कारिले आहे. तथापि उपलब्ध विषयांतून निवड करणे आणि एका कामातून विषय शोधीत जाणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरीला पोषक अशी मूल्यमापनाची व प्रमाणपत्राची व्यवस्था निर्माण करणे, हा सेवाग्रामच्या प्रयोगाने पुढे ठेवलेला प्रश्न आजही महत्त्वाचा आहे.