बिघाडाचा रकाना

नेर परसोपंतला अमरावती रस्त्यावरची चहाची पहिली टपरी पहाटे पाचच्या आत उघडते. रात्री मुक्कामाला थांबलेले दोन-चार ट्रक तेव्हा निघायच्या तयारीत असतात. गाव झोपलेले असल्याने एक आवाज स्पष्ट ऐकू येतो : लोखंडी टॉमी टायरवर आपटल्याचा. ड्रायव्हर किंवा क्लीनर पुढच्या चाकापासून सुरुवात करतो, मागून वळसा घालतो आणि दुसऱ्या अंगाने पुन्हा दरवाजाशी येतो. दहा चाके असतील तर दहा ठोके. मग पायरीला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि वर चढायचे. या पाच मिनिटांच्या प्रदक्षिणेत ड्रायव्हरला गाडीविषयी जे कळते, त्याचे पुढे काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

आधी त्या ठोक्याविषयी. मागच्या ॲक्सलला प्रत्येक बाजूस टायरांची जोडी असते. बाहेरचा टायर दिसतो, आतला अंधारात असतो. आतल्याची हवा गेली तरी गाडी बसत नाही. बाहेरचा टायर दोघांचा भार उचलतो, जास्त दबतो, तापतो आणि भर रस्त्यात फुटतो. म्हणून हा ठोका. भरलेल्या टायरवरून टॉमी उसळून परत येते, रिकाम्यावर ती भद्द वाजते. पण या कानाच्या परीक्षेला मर्यादा आहे. पूर्ण बसलेला टायर ठोक्याने कळतो. पाचव्या हिश्श्याने हवा कमी असेल तर मुरलेल्या वस्तादालाही कळत नाही. त्यासाठी गेजच लावावे लागते, आणि तेही टायर थंड असताना. चालून तापलेल्या टायरातला दाब वाढलेला असतो, त्यामुळे कमी हवाही पुरेशी दिसते. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. खाचा गेलेल्या टायरला आपण 'गोटा' म्हणतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. तो आमच्या शेजारच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून जातो. सलग वेग आणि तापलेले काँक्रीट यांपुढे गोटा टायर टिकेनात, तेव्हा परिवहन विभागाला महामार्गाच्या तोंडाशीच टायर तपासायला माणसे उभी करावी लागली. ड्रायव्हरला घरून निघताना दिसलेली गोष्ट दुसऱ्या कुणीतरी वाटेत पाहायची, असा तो प्रकार.

ब्रेकची गोष्ट अधिक नाजूक आहे. जड ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. कंप्रेसर हवा दाबून टाकीत भरतो. ती हवा थंड झाली की तिच्यातले पाणी टाकीच्या तळाशी जमते. हे पाणी रोज काढले नाही तर व्हॉल्व्ह गंजतात. नव्या गाड्यांत हवा कोरडी करणारे यंत्र असते, पण जुन्या गाडीत टाकीखालची कडी ओढून फुस्स आवाज होईतो थांबणे एवढाच उपाय. गळती पाहायची असेल तर हवा भरू द्यावी, इंजिन बंद करावे, ब्रेक दाबून धरावा आणि काट्याकडे पाहावे. काटा उतरत राहिला तर कुठेतरी हवा जाते आहे. आणखी एक परीक्षा मला एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने शिकवली. उतार उतरून गाडी थांबवली की प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न्यायचा, लावायचा नाही. बाकी ड्रम गरम आणि एकच थंड असेल तर ते चाक ब्रेक धरतच नाही. त्याचे काम बाकीची करताहेत. एकच फार तापलेला असेल तर तिथे लायनर घासतो आहे किंवा बेअरिंग गेले आहे. व्हील नट सैल असल्याची खूणही अशीच साधी आहे : नटाभोवती गंजाचा ओघळ किंवा घासून चकाकलेली कडी.

आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास कापसाचा हंगाम लागतो. कापूस वजनाला हलका आणि आकाराने अवाढव्य, त्यामुळे फाळक्याच्या बाहेर तो फुगून येतो आणि वरची ताडपत्री मागच्या दिव्यांवर व रिफ्लेक्टरवर उतरते. सकाळी तपासलेला लाल दिवा संध्याकाळी असतो, पण दिसत नाही. मागून मोटारसायकलवर येणाऱ्याला रस्त्यावर फक्त काळोखाचा एक ढीग असतो. म्हणून रिकाम्या गाडीची तपासणी पुरत नाही; माल भरून दोर आवळल्यावर पुन्हा मागे जाऊन पाहावे लागते.

हे सगळे ड्रायव्हरांना ठाऊक असते. आमचे ड्रायव्हर अडाणी म्हणून अपघात होतात, हे शहरी मत मला पटत नाही. १९९० च्या दशकात मी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काही वर्षे बिल्ट्या लिहिल्या. माझ्या रजिस्टरला रकाने होते : तारीख, गाडी नंबर, माल, वजन, कुठून, कुठे, डिझेल, ॲडव्हान्स, बाकी. बिघाडाचा रकाना नव्हता. ड्रायव्हर टेबलाशी येऊन सांगत, "भाऊ, ब्रेक मारला का गाडी डावीकडं वढते." मी मान हलवत असे आणि मालकांच्या कानावर घालत असे. मालक म्हणत, "ही ट्रिप मारून येऊ दे." असे एका ड्रायव्हरने माझ्यासमोर दोनदा सांगितले. तिसऱ्या फेरीला गाडी बाभळीवर गेली आणि क्लीनरचा पाय मोडला. पंचनाम्यात 'भरधाव' हा शब्द आला. मालकांनी जबाब दिला की बिघाडाची कल्पना आपल्याला नव्हती. मला कुणी विचारले नाही, आणि मी आपण होऊन गेलो नाही. ही गोष्ट इतक्या वर्षांनी लिहिताना बरे वाटत नाही.

पुढे कायदा वाचायला लागलो तेव्हा त्या रकान्याची किंमत कळली. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम १९० म्हणते, की धोकादायक दोष असलेले वाहन सार्वजनिक जागी जो चालवील, किंवा चालवायला लावील, किंवा चालवू देईल, तो शिक्षेस पात्र. मात्र तो दोष त्याला माहीत असला पाहिजे किंवा सामान्य काळजी घेतली असती तर समजला असता असा असला पाहिजे. म्हणजे मालक सुटत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने दंडाची कमाल २५० रुपयांवरून १५०० रुपयांवर गेली. अशा दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण 'माहीत असणे' सिद्ध कसे व्हायचे? ड्रायव्हरचे आपोआप होते, कारण स्टिअरिंगवर तो होता. मालकाचे होते ते कागदाने, आणि कागद नसतो. तोंडी सांगितलेला बिघाड हा सांगणाऱ्याच्याच गळ्यात पडतो.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, आणि सरकारी वर्गवारीत त्यांतले सुमारे एकाहत्तर टक्के मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. एवढेच विचारतो, की ब्रेक न लागलेला ट्रक त्या तक्त्यात कोणत्या रकान्यात बसतो?

दुसरा प्रश्न वेळेचा. ड्रायव्हरला पैसे ट्रिपचे मिळतात, प्रदक्षिणेचे नाही. गाडी गॅरेजला लागली की त्याचा भत्ता बुडतो. या बाबतीत मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ वाचून मी चकित झालो. दिवसाला आठ तास कामाची मर्यादा घालणारा हा कायदा कामाच्या तासांत 'आनुषंगिक काम'ही धरत असे, आणि त्या कामाच्या यादीत गाडीची देखभाल व दुरुस्ती स्पष्ट लिहिलेली होती. टायर ठोकण्याची पाच मिनिटे हे मजुरीचे काम आहे, असे संसदेने त्या साली मानले होते. परंतु कायदा लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला. एक-दोन गाड्यांचा मालक त्याच्याबाहेर राहत असे, आणि आमच्या बाजूला बहुतेक मालक तसेच. २०२० साली हा कायदा नव्या श्रमसंहितेत सामावून घेण्याचे ठरले आणि २०२५ मध्ये ती संहिता लागू झाल्यावर तो रद्द झाला.

लेखी नोंदीची पद्धत आपल्याला परकी आहे असेही नाही. नेरलाच एसटीचे आगार आहे. एसटीचा चालक गाडी आगारात लावताना बिघाड कागदावर नोंदवतो आणि तो कागद कार्यशाळेकडे जातो. फरक एवढाच, की एसटीमागे आगार आहे, ट्रकमागे फक्त मोबाइल नंबर. अमेरिकेत मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरने दिवसाअखेर दोष लिहून द्यायचा असतो. दुरुस्ती झाली, किंवा तिची गरज नाही, असे मालकाने अथवा त्याच्या मेकॅनिकने सही करून सांगायचे आणि पुढच्या ड्रायव्हरने तो कागद पाहून सही करायची. या तिसऱ्या सहीमुळे बिघाड कुणाच्या हाती अडला ते दिसते. दोष नसताना कागद भरण्याची सक्ती त्यांनी मालवाहतुकीपुरती डिसेंबर २०१४ मध्ये काढून टाकली. ब्रिटनमध्ये उलट, दोष नसला तरी 'दोष नाही' असे लिहून घ्यावे अशी शिफारस आहे आणि दोषाचे कागद किमान १५ महिने जपून ठेवायचे असतात. मला ब्रिटिश पद्धत आपल्याकडे धोक्याची वाटते. रोज 'दोष नाही' लिहायची सवय लागली की सगळी वही सकाळी एकदमच भरली जाईल. शाळेच्या हजेरीपटावर वाढलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

गेल्या दोन वर्षांत मी कार्बन घातलेल्या काही वह्या स्वखर्चाने छापून वाटल्या. पानावर टायर, ब्रेक, हवा, नट, स्टिअरिंग, दिवे, ताडपत्री अशा ओळी आणि खाली दोन सह्या : ड्रायव्हरची व मालकाची. मूळ पान मालकाला, कार्बनची प्रत ड्रायव्हरच्या खिशात. अर्ध्याअधिक वह्या कोऱ्या राहिल्या. एक ड्रायव्हर म्हणाला, "गाडी मले सांगते, मी मालकाले सांगतो. लेहून देलं तर मालक दुसरा ड्रायव्हर पाह्यते." या भीतीला माझ्याकडे उत्तर नव्हते. लिहिता न येणारे काही जण मात्र वेगळ्या वाटेने गेले. ते गळक्या नळीचा फोटो काढतात, व्हॉट्सॲपवर मालकाला बोलून पाठवतात आणि दोन निळ्या खुणा दिसल्या की निघतात. असा संदेश कोर्टात मांडायचा तर सोबत प्रमाणपत्र लागते, म्हणून तो पुसू नका आणि फोन बदलला तरी जुना जपा, एवढे मी प्रत्येकाला सांगतो.

एक वही पूर्ण भरून परत आली. तिच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिले आहे, 'मांगचा लाल लाइट लागत नाही', खाली ड्रायव्हरचा अंगठा आणि तारीख. मालकाची सही तीन दिवसांनंतरची आहे. बिल्टी पाहिली, तर त्या तीन दिवसांत गाडी कापूस घेऊन रात्रीची एक फेरी मारून आली होती. पुढच्या छपाईत मालकाच्या सहीखाली आणखी एक ओळ घालायची आहे : दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभी ठेवली की चालवली.