पलंगाच्या बदल्यात रात्रपाळी

बॅग पाठीला लावून फिरायला निघालेल्या मुलाने घरी फोन करून ‘इथे हॉस्टेलात काम लागलं’ असं सांगितलं, की आई दोन प्रश्न विचारते. पगार किती, आणि जेवतोस कुठे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरं असतं. पहिल्याचं उत्तर शून्य.

आपल्याकडे हॉस्टेल म्हटलं की विद्यार्थ्यांचं वसतिगृह डोळ्यांसमोर येतं. हे हॉस्टेल निराळं. एका खोलीत सहा, आठ, बारा दुमजली पलंग, प्रत्येकाला पडदा आणि कुलपाचा कप्पा, खाली अंगण आणि अंगणात बार. गोव्यात हणजूण, वागातोर, हरमल या पट्ट्यात अशी पुष्कळ हॉस्टेलं आहेत. तिथे ‘व्हॉलंटिअर’ म्हणून पुण्या-मुंबईकडची मुलंमुलीही महिना-दोन महिने राहतात. व्यवहार साधा आहे. आठवड्याला साधारण वीस-पंचवीस तास काम. त्या बदल्यात पलंग, एक-दोन वेळचं जेवण आणि बारमध्ये सवलत. ज्या मुलाकडे वेळ आहे पण पैसे नाहीत, त्याला समुद्रकिनारी महिनाभर राहण्याचा दुसरा मार्ग सापडणं कठीणच.

ही कल्पना आजची नाही. १९७१ मध्ये इंग्लंडात शहरी माणसांनी शेतावर राबावं आणि बदल्यात राहणं-जेवण मिळावं, अशी चळवळ सुरू झाली. पुढे २००२ मध्ये ‘वर्कअवे’सारखं संकेतस्थळ आलं आणि शेताच्या जागी हॉस्टेल, शाळा, घरकाम असं सगळंच त्यात बसू लागलं. गंमत अशी, की तिथे नाव नोंदवण्यासाठी वर्षाची वर्गणी बहुधा राबणाऱ्यालाच भरावी लागते.

खुद्द हॉस्टेलची गोष्ट त्याहून जुनी. रिचर्ड शिरमान नावाच्या जर्मन शिक्षकाने १९१२ मध्ये आल्टेना इथल्या किल्ल्यात मुलांसाठी पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल उघडलं. त्या परंपरेतल्या ब्रिटिश हॉस्टेलांत तर निघण्यापूर्वी पाहुण्यानेच झाडू मारायचा, भांडी घासायची असा दंडक होता आणि रात्री ठरल्या वेळी दार बंद होई. धर्मशाळेत किंवा मुसाफिरखान्यात राहिलेल्या आपल्या वाडवडिलांना त्यात नवल वाटलं नसतं. आता पाहुण्याच्या हातातला झाडू गेला आणि ग्लास आला.

व्हॉलंटिअरचा दिवस अकराच्या सुमारास सुरू होतो. पाहुणे निघतात, चादरी काढायच्या, कप्प्यांत विसरलेले चार्जर गोळा करायचे. दुपारी नवे पाहुणे येतात. ओळखपत्र बघायचं, परदेशी असेल तर २४ तासांत त्याची सरकारी पोर्टलवर नोंद झाली की नाही ते पाहायचं. खरं काम संध्याकाळी. अनोळखी तीस माणसांना एका टेबलाभोवती बसवून बोलतं करायचं. पत्ते, अंताक्षरी, कागदी पेल्यांचे खेळ, कॅरिओके. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने बंदी, म्हणून मग सगळ्यांना घेऊन बाहेर निघायचं. पाळोळ्याला तर याच नियमातून कानाला हेडफोन लावून नाचण्याची टूम निघाली. बाहेरून बघणाऱ्याला शे-दोनशे माणसं मुक्याने नाचताना दिसतात. निघताना पंचवीस डोकी मोजलेली असतात, परतताना तेवीस भरतात. उरलेली दोन शोधायची कुणी? ज्याने प्यायलेली नाही त्याने.

न पिणाऱ्याला अशा ठिकाणी काय काम, असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्याचीच गरज जास्त. हिशेब, चाव्या, रिक्षावाल्याशी बोलणं, ओकाऱ्या काढणाऱ्या मुलीला कुशीवर झोपवून तिच्याजवळ थांबणं, हे शुद्धीतल्या माणसाचं काम आहे. मात्र मुस्लिम घरातल्या मुलापुढे एक प्रश्न उरतोच. पिणार नाही हे ठीक, पण वाढणार का? शरीयतने दारू पिणाऱ्याबरोबर वाढणाऱ्यालाही दोषी धरलं आहे. त्यामुळे बारची पाळी नको, रिसेप्शन किंवा स्वयंपाकघर द्या, हे जाण्याआधीच बोलून घ्यावं. तिथे पोहोचल्यावर, गर्दीच्या रात्री, ‘अर्धा तास फक्त काउंटर सांभाळ’ याला नाही म्हणणं अवघड जातं. रमजान सध्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, म्हणजे गोव्याच्या भर हंगामात येतो. रोजा ठेवणाऱ्याला रात्रपाळी सोयीची पडते: पहाटे शेवटची टोळी अडखळत दारातून आत येते, तेव्हा काउंटरमागे सहरीचा डबा उघडलेला असतो.

इथवर सगळं मजेचं. पण या पोराच्या खांद्यावर जबाबदारी किती आणि हातात अधिकार किती, याचा हिशेब फार कमी जण मांडतात. करार नाही, विमा नाही, आणि एखाद्याला आता बस म्हणायचं तर बारमालकाच्या गल्ल्याशी गाठ. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंग या पर्यटनगावात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक दगावले. त्यांतल्या दोन ऑस्ट्रेलियन मुली अवघ्या एकोणीस वर्षांच्या होत्या. मिथेनॉल चवीला वेगळं लागत नाही. त्रास कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतो: धूसर दिसणं, धाप, पोटात कळा. आदल्या रात्रीची उतरली नसेल म्हणून पाहुणा पडून राहतो आणि काउंटरवरचा पोरगाही त्याला लिंबूपाणी देतो. हे विष लाओसचंच नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला त्याने शंभरावर माणसं नेली. दिसेनासं झालंय असं कुणी म्हणालं, तर लिंबूपाणी नव्हे, थेट इस्पितळ, हे प्रत्येक हॉस्टेलच्या काउंटरवर लिहिलेलं असायला हवं.

परदेशात जाणाऱ्यांसाठी आणखी एक खाच आहे. ‘पगार नाही म्हणजे नोकरी नाही’ हे आपलं तर्कशास्त्र विमानतळावर चालत नाही. फुकट पलंग हाही मोबदलाच. ब्रिटनमध्ये पर्यटक व्हिसावर फक्त नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, तेही एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करता येते. हॉस्टेल त्यात बसत नाही. थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही परवाना लागतो. पकडला गेला तर परत पाठवणी त्याची होते.

आणि एक गोष्ट हॉस्टेलच्या फोटोंत कधी येत नाही. मागच्या अंगणात चादरी धुणाऱ्या बाया, संडास साफ करणारा पोरगा, हे बहुधा पगारी असतात, कारण त्यांना फुकट पलंग परवडत नाही. व्हॉलंटिअरला हसतमुख, गिटारवालं काम मिळतं. रिसेप्शनची जी पाळी चार मुलं आळीपाळीने फुकट करतात, तिथे एरवी गावातला एखादा पदवीधर पगारावर बसला असता. मालकाला विचारलं तर तो म्हणेल, मुलं स्वतःहून येतात. ते खरंच आहे. म्हणून येणाऱ्याने आपले तास मोजावेत, सुट्टीचा वार आणि कामाची यादी फोनवर नव्हे तर लेखी मेसेजवर मागावी, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवावेत. वीस तासांचे पस्तीस झाले, तर त्या पैशांनी रात्रीची एसटी पकडता येते.