ऑनलाइन भूमिकाखेळांतील नामांतर

ऑनलाइन भूमिकाखेळात प्रवेश करू इच्छिणाऱ्यास आरंभीच आपल्या पात्राचे नाव ठेवावे लागते. 2004 साली सुरू झालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' ह्या खेळात हे नाव दोन ते बारा अक्षरांचे असावे लागते; त्यात अंक वा मोकळी जागा चालत नाही, आणि एका सर्व्हरवर एकदा घेतलेले नाव तेथे दुसऱ्यास मिळत नाही. एवढ्या बंधनांतून वाट काढून, बहुधा घाईने व पुष्कळदा थट्टेने, खेळाडू काहीतरी नाव ठेवतो. पुढे वर्षानुवर्षे तो त्याच नावाने ओळखला जातो. चौदाव्या वर्षी सुचलेले नाव तिशीत नकोसे झाले, तर ते बदलू द्यावे काय, हा प्रश्न वरवर व्यवस्थापनाचा वाटतो. वस्तुतः तो विशेषनामाच्या स्वरूपाचा प्रश्न आहे.

संस्कृत वैयाकरणांनी जातिशब्द, गुणशब्द व क्रियाशब्द यांच्याबरोबर 'यदृच्छाशब्द' असा चौथा वर्ग मानला. 'डित्थ' हे त्याचे ठरलेले उदाहरण. ठेवणाऱ्याच्या इच्छेवाचून अशा शब्दाच्या योजनेस दुसरे निमित्त नसते. मिल्ल याने 1843 मध्ये विशेषनाम वस्तूचा केवळ निर्देश करते, तिचे गुण सांगत नाही, असे प्रतिपादिले. हे मत जसेच्या तसे स्वीकारले, तर नामांतराने काहीच बिघडू नये. सर्व्हरच्या दृष्टीनेही काही बिघडत नाही. कारण तो पात्राला एका क्रमांकाने ओळखतो, आणि नाव हे त्या क्रमांकापुढे लिहिलेली एक नोंद एवढेच असते.

परंतु खेळाडूंना तो क्रमांक दिसत नाही. चेहरेमोहरे थोडक्या साच्यांतून निवडलेले असल्यामुळे एकसारखे दिसतात. तेव्हा माणूस ओळखावयाचा तो नावावरूनच. 'वॉरक्राफ्ट'च्या पहिल्या काळात चाळीस खेळाडू मिळून एका मोहिमेस जात आणि मिळालेली लूट ठरल्याप्रमाणे वाटून घेत. एखाद्याने वाटणी मोडून मोलाची वस्तू बळकावली, की त्याचे नाव सर्व्हरभर पसरे व पुढच्या मोहिमांत त्याला कोणी घेत नसे. फिर्याद ऐकणारे न्यायालय जेथे नाही, तेथे नाव हेच समाजाचे दप्तर होय. मराठीने हा भेद वाक्प्रचारांत नेमका टिपला आहे : मुलाचे 'नाव ठेवणे' वेगळे आणि कोणाला 'नावे ठेवणे' वेगळे. मुलाने नाव काढावे वा घालवावे, ते ठेवलेल्या नावाला आचरणाचा इतिहास चिकटल्यावरच. पुढे ह्या खेळात पैसे भरून नाव बदलण्याची सोय झाली, तेव्हा तो इतिहासही पैशाने पुसता येईल ही तक्रार खोटी नव्हती.

ह्याच्या उलट टोक 'ईव्ह ऑनलाइन' (2003) ह्या खेळाचे. तेथे नाव नियमभंग करणारे असल्याखेरीज बदलून मिळत नाही, आणि पात्र पूर्वी कोणकोणत्या मंडळांत होते हे कोणासही पाहता येते. मात्र त्याच खेळात संपूर्ण पात्र दुसऱ्या खेळाडूस विकण्याची नियमबद्ध सोय आहे. नाव कायम, इतिहास कायम, आणि आतला माणूस निराळा! नाव गोठविले म्हणजे ओळख गोठली, ही समजूत येथे पार ढासळते.

नामांतराने दोष झाकतोच असेही नाही. 1993 साली 'लॅम्डामू' ह्या केवळ शब्दांनी रचलेल्या जगात 'मिस्टर बंगल' नावाच्या पात्राने इतर पात्रांवर लैंगिक अत्याचाराची वर्णने लादली. तेव्हा ते पात्र काढून टाकण्यात आले. त्यामागील व्यक्ती पुढे 'डॉ. जेस्ट' ह्या नावाने परतली, आणि लोकांनी तिला ओळखले.

नाव बदलू पाहणारे सगळेच लबाड असतात, असे धरून चालणे हा मोठा अन्याय होईल. कोणी पिच्छा पुरविणाऱ्यापासून सुटू पाहतो. कोणा पारलिंगी व्यक्तीस आपले आधीचे नाव पुन्हा ऐकणेही क्लेशकारक असते. अशांच्या बाबतीत जुन्या व नव्या नावांतील दुवा उघडा ठेवणे म्हणजे सुटकेची वाट बंद करणे होय. 'फायनल फँटसी 14' मध्ये 2024 च्या विस्तारापासून, एखाद्यास टाळण्यासाठी त्याचे नाव यादीत घातले की त्याच्या खात्यातील सर्व पात्रे टाळली जाऊ लागली. हेतू चांगला होता. परंतु त्यासाठी खात्याची ओळख सांगणारी माहिती इतर खेळाडूंच्या संगणकांपर्यंत पोहोचू लागली, आणि 2025 च्या आरंभी 'प्लेअरस्कोप' नावाचे एक बाहेरचे साधन तीच माहिती वाचून एका व्यक्तीची निरनिराळी पात्रे जोडून दाखवीत असल्याचे उघडकीस आले. छळापासून रक्षण करणारा दुवाच छळणाऱ्याच्या हाती गेला.

महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नामांतराची सूचना छापताना जुने व नवे अशी दोन्ही नावे देतात; जो वाचील त्याला ती कळतात. 'रूनस्केप' ह्या खेळाने अधिक सूक्ष्म मार्ग पत्करला : मित्राने नाव बदलल्यास मित्रयादीत त्याचे पूर्वीचे नाव पाहता येते. ज्याच्याशी ओळख होती त्याला दुवा मिळतो, वाटेने जाणाऱ्या परक्याला तो शोधावा लागतो. हाच मार्ग अधिक न्याय्य दिसतो, जरी मित्रच पुढे शत्रू झाल्यास काय, ही अडचण त्यानेही सुटत नाही.

सोडलेल्या नावाचे काय करावे, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. ते लगेच मोकळे केले, तर नवा खेळाडू हौसेने ते घेतो, आणि ज्याच्याशी त्याचा काही संबंध नाही अशा माणसाची उधारी, स्नेह आणि शिव्या त्याच्या वाट्यास येतात. शेत पडीक टाकतात तसे ते नाव काही काळ कोणासही न देता ठेवावे. 'रूनस्केप'मध्ये तशी तरतूद आहेही. किती काळ, हे मात्र त्या सर्व्हरवरील लोकांची स्मृती किती दिवस टिकते, यावर ठरवावे लागेल.