अंड्याचें वजन आणि कोंबड्याची निवड

चंद्रपुरांतून १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. परंतु दोहोंच्या जंगलपट्टींत कोंबड्या पाळण्याची रीत एकच राहिली. तेथील गांवठी कोंबडी दिवसभर बाहेर चरते, घार-मुंगसापासून स्वतःस जपते व खुडूक बसून आपलीं पिलें आपणच काढते. उणीव एवढीच कीं, तिचें अंडें ४० ग्रॅमांच्या आसपास भरतें. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानें तयार केलेल्या ‘ग्रामप्रिया’चें अंडें ५० ग्रॅमांहून अधिक असतें, पण ती सहसा खुडूक बसत नाहीं, म्हणून पिलें पुनःपुन्हां विकत आणावीं लागतात. तेव्हां घरचाच वाण सुधारणें कां शक्य होऊं नये?

आज आपल्या हातून उलटी निवड होत असते. मोठीं अंडीं व थोराड कोंबडा प्रथम आठवडी बाजारांत जातो; मागें उरतें तें बीज ठरतें. बियाण्याचें धान विकून पोचट दाणा कोणी पेरील काय?

तलंगेचीं पहिलीं अंडीं लहानच असतात. सबब कोंबडी नऊ-दहा महिन्यांची झाल्यावर प्रत्येकीचीं पांच ताजीं अंडीं तोलून सरासरी काढावी. उन्हाळ्याच्या तापांत व निकृष्ट खाद्यावर वजन घटतें. म्हणून तुलना एकाच वयाच्या, एकाच ऋतूंतील कोंबड्यांची करावी. दोन बलकांचें अंडें मोजूं नये व उबवूंही नये. वजनाच्याच मागें लागल्यास अंड्यांची संख्या घटते. यास्तव थोडीं अंडीं देणारी कोंबडी निवडूं नये.

कळपाची सरासरी ४० व निवडक कोंबड्यांची ४४ ग्रॅम धरूं. ह्या चार ग्रॅमांपैकीं सुमारें निम्मेच आनुवंशिक असतात. कोंबडा कसाही ठेवल्यास पुढील पिढीस त्यांतील जेमतेम एक ग्रॅम लाभतो. कोंबडा अंडें घालीत नसला, तरी पिलांत त्याचा अर्धा वांटा आहे. म्हणून तो जड अंड्याच्या कोंबडीचा पुत्र असावा. नुसता अंगानें थोराड असून भागत नाहीं. सख्ख्या नात्याचा संबंध टाळण्यासाठीं चार घरांनीं मिळून अंडीं तोलावींत व कोंबडे अदलाबदल करावेत.

एकेका ग्रॅमाची ही कमाई सावकाश होते खरी. पण ती घरच्या वाणांत मुरते व खुडूक कोंबडीही घरांत राहते. आमच्या वाचकांनीं पुढील बाजाराचा कोंबडा विकण्यापूर्वीं त्याच्या आईचें अंडें एकवार तोलून पाहावें, एवढीच आमची सूचना आहे.