विमानात ऑक्सिजनची लाइन टाकताना

दाब न राखणाऱ्या छोट्या खासगी विमानात 12,500 फुटांच्या वर अर्ध्या तासाहून जास्त राहायचं, तर अमेरिकी नियमानुसार वैमानिकाला ऑक्सिजन घ्यावाच लागतो. 14,000 च्या वर सततच. मग कायमची लाइन टाकायची ठरते. लोक विचारतात, सिलिंडर केवढा? मी विचारतो, हात धुतलेत का? भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण 1,800 पीएसआय दाब असतो. तेवढ्या ऑक्सिजनमध्ये ग्रीसचा ठिपकाही पेटू शकतो. म्हणून आट्यांना तेल अजिबात नाही, ऑक्सिजनसाठीचीच टेप. रेग्युलेटर सिलिंडरजवळ बसवा, म्हणजे केबिनमधल्या नळीत दाब कमी राहतो. आणि व्हॉल्व्ह सावकाश उघडा. झटक्यात उघडला, की पुढचा वायू एकदम दाबला जाऊन तापतो. फौजेतली घाई माझ्याही हाडात आहे; इथे ती चालत नाही.