जुन्या डॉसला हातभार लावताना

‘फ्रीडॉसला मदत करायची तर सी भाषा यायलाच हवी का?’ हा प्रश्न आम्हाला दर वेळी येतो. सी येत असेल तर उत्तमच. पण त्याआधी आम्ही उलट विचारतो, आणि प्रश्न जरा विचित्र वाटेल : तुम्ही आजवर कोणाचा कोड वाचला आहे?

थोडं मागे जाऊ. १९९४ साली दिसू लागलं होतं, की मायक्रोसॉफ्टच्या पुढच्या विंडोजपुढे एमएस-डॉसचे दिवस भरले. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या जिम हॉलचं सगळं काम डॉसवर चालायचं. त्याने २९ जून १९९४ रोजी जाहीर केलं, की आपणच सगळ्यांसाठी खुलं डॉस लिहू या. पॅट व्हिलानी यांनी आपला कर्नल दिला, टिम नॉर्मन यांनी कमांड लाइनचा प्रोग्राम लिहिला, आणि गाडी रुळावर आली. तरी १.० आवृत्तीला सप्टेंबर २००६ उजाडला. बारा वर्षं! फावल्या वेळातलं काम असंच चालतं.

आता डॉस नव्याने लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? जुन्या प्रोग्रामला फाइलमध्ये काही लिहायचं असलं, की तो प्रोसेसरच्या रजिस्टरांमध्ये ठरलेले आकडे ठेवतो आणि २१ नंबरच्या इंटरप्टला हाक मारतो. आकडा हेक्समधला ४०, म्हणजे ‘लिही’. किती बाइट, तेही सांगायचं. समजा, शून्य बाइट सांगितले तर? तुम्ही-आम्ही म्हणू, काहीच करायचं नाही. पण खरं डॉस त्या जागी फाइल तोडतं, पुढचा मजकूर उडवतं. आणि जुने प्रोग्राम नेमके याच्यावर विसंबलेले असतात! तेव्हा हे बारकावे पाळायचे. ते राल्फ ब्राउन यांच्या इंटरप्टच्या प्रसिद्ध यादीत मिळतात, किंवा स्वतः प्रयोग करून बघायचे. मूळ कोडमध्ये डोकावून मात्र नाही.

कारण डॉस कसं वागतं हे कोणीही सांगू शकतो, पण कोडचा मजकूर मालकाचा असतो. २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने एमएस-डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा कोड अभ्यासासाठी खुला केला. लोक खूश झाले. फ्रीडॉसने मात्र सांगितलं : खुशाल वाचा, पण वाचलात तर मग आम्हाला कोड पाठवू नका. आम्हालाही तेव्हा हे जरा सोवळं वाटलं होतं. पण विचार करा, एकाने आठवणीतून चार ओळी उतरवल्या आणि उद्या मालकाने हरकत घेतली, तर शेकडो जणांचं काम अडकतं, आणि या मंडळींकडे वकील कुठला असणार? पुढे २०१८ मध्ये १.२५ आणि २.०, आणि २०२४ मध्ये ४.०० हा कोड मायक्रोसॉफ्टने एमआयटी परवान्याखाली दिला, तेवढ्यापुरती गाठ सुटली. ५ आणि ६ या आवृत्त्यांचं तसं नाही. म्हणून ‘हे कुठून आणलंत?’ हा प्रश्न आजही येतो, त्याचा राग मानू नये.

कोड लिहायचा नसेल तर चाचणी करा. तिथेच माणसं कमी पडतात. नुसतं ‘चालत नाही’ लिहू नका. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, सुरू करताना मेन्यूतला कोणता पर्याय घेतला, हे सगळं लिहा. आम्ही एकदा एका ४८६वर हिशेबाचा जुना प्रोग्राम अडतो म्हणून आठवडाभर कर्नलला शिव्या घातल्या. शेवटी मेन्यूतून मेमरी मॅनेजर न घेता मशीन सुरू केलं, आणि प्रोग्राम सुरळीत! दोष कर्नलचा नव्हताच. तो पर्याय पहिल्या दिवशी टिपला असता तर आठवडा वाचला असता.

मराठी भाषांतराचं कोणीतरी विचारलं. इच्छा चांगली आहे, पण व्हीजीएच्या टेक्स्ट मोडमध्ये एका वेळी २५६ चिन्हं, ओढूनताणून ५१२. प्रत्येक चिन्ह एका ठरावीक चौकटीत. आपल्या जोडाक्षरांना आणि वेलांट्यांना ती पुरत नाही. म्हणून तर पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं. ते पीसीत बसवलं की डॉसच्या प्रोग्रामांत देवनागरी दिसायचं. तसं एखादं कार्ड, त्याच्या पुस्तिकेसकट, कोणाच्या माळ्यावर पडलं असेल तर भंगारात देऊ नका. व्याख्यान संपल्यावर आम्हाला गाठा.